पट्टीखालची फट

निफाडच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. द्राक्षांची काढणी ऐन भरात होती, पण बागायतदार मंडळी बाग मजुरांवर सोपवून बायकापोरांसह आली होती. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात, तिथे दहावीतली सायली डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसली होती. पट्टीखाली कापसाचे जाड बोळे, मांडीवर त्या दिवशीचा पेपर.

“वाच, बाळ,” ज्ञानचक्षू महाराज म्हणाले.

सायली वाचू लागली. आधी अडखळत, मग सरसर. लासलगावचे कांद्याचे भाव वाचले, पाणीकपातीची बातमी वाचली, खालची एका पतसंस्थेची जाहिरातसुद्धा वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत तिचे वडील सावळीराम उपरण्याने डोळे पुसत होते.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सायलीच्या वर्गाला मी विज्ञान शिकवायचे. दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझा अर्धा वर्ग त्या स्टेजवर पट्ट्या बांधून बसला होता.

महाराजांनी म्हणे ब्रह्मगिरीवर तप केलं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. दोन डोळे जग बघायला आहेत, अभ्यासाला तिसरा लागतो. तो कपाळावर असतो आणि शाळा तो उघडत नाही, महाराज उघडतात. एकदा उघडला की पुस्तकावर नुसता हात ठेवायचा, धडा आपोआप आत जातो. मात्र पुस्तक मांडीवरच हवं, कारण ज्ञान खालून वर चढतं. डोक्याजवळ धरलं तर ते उलटं वाहतं आणि पोराला ताप भरतो. शिवाय ज्याच्या मनात शंका येईल, त्याच्या मुलाचा डोळा कायमचा बंद. ही शेवटची अट फार कामाची होती. आपल्या लेकराचा डोळा आपल्यामुळे बंद राहावा, असं कोणत्या आईबापाला वाटेल?

तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेली. संध्याकाळ झाली होती, हॉलमध्ये काळोख पसरला. सायली ‘महानगर’ या शब्दातल्या ‘महा’वरच थांबली. पुढे तिला एक अक्षरही वाचता येईना. अंधारात तामसी लहरी असतात, असं महाराजांनी गंभीरपणे समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या डोळ्यालाही ट्यूबलाइट लागते हे ऐकून मला हसू फुटलं, तसं शेजारच्या सखुबाईंनी मला कोपर मारलं.

सावळीराम काही वाईट माणूस नव्हे. ते स्वतः दहावीला गणितात नापास होऊन शेतीत आले, बाग नावारूपाला आणली, पण ते नापास होणं त्यांच्या मनातून गेलं नाही. लेक डॉक्टर व्हायची, हे तिच्या बारशालाच ठरलेलं. प्रिलिममध्ये सायली गणितातच गेली, तेव्हा घरातला टीव्ही उचलून माळ्यावर ठेवला गेला. तिची आई मंगलाबाई आवाज नको म्हणून मिक्सर लावेना, पाट्यावर चटणी वाटू लागली. आणि सावळीराम लेकीशी बोलायचेच थांबले. ताटावर बसायचे, जेवायचे, उठून बागेत जायचे.

महाराज गावात आले ते नेमके याच सुमारास.

आता सायलीने गणितं सोडवणंही बंद केलं होतं. घरून तशी ताकीदच होती. डोळा उघडलाय, मग पोरीला कशाला दमवायचं? मी शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत थांबवलं. विचारलं काहीच नाही. कापसाचे बोळे घेतले, काळ्या फडक्याची पट्टी केली आणि तिच्यासमोर माझ्याच डोळ्यांवर बांधली. समोर सगळा काळोख. मग हनुवटी जरा वर केली आणि नजर नाकाच्या कडेने खाली सोडली.

“सायली,” मी म्हणाले, “मला माझ्या चपलेचा अंगठा दिसतोय.”

ती आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. महाराजांच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी तिला खरंच काही दिसत नव्हतं. बाकीची मुलं पटापट रंग ओळखत होती, महाराजांचा माणूस मागून तिची श्रद्धा कमी पडतेय म्हणत होता. रडू आलं म्हणून तिने मान वर केली, तर पट्टीखालच्या फटीतून मांडीवरचं चित्र दिसलं. ती ‘गुलाब’ म्हणाली. त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला.

“प्रिलिमनंतर अण्णा पहिल्यांदा माझ्याशी बोलले, मॅडम. मग कसं सांगू? आणि बाकीच्यांचा खरंच उघडलाय. माझाच नाही.”

मी अमोलला बोलावलं. हा वर्गातला सगळ्यात आगाऊ मुलगा आणि महाराजांचा दुसरा हिरा. सायलीला पाहून तो खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, हिचा उघडलाय. माझाच नाय उघडला. मी आपलं खालून बघतो.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे काही हसले की बाहेरून शिपाई डोकावला. दुसऱ्या दिवशी एकेकाला विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं की सगळ्या स्टेजवर लबाडी करणारे आपण एकटेच.

शिबिराच्या सांगता समारंभात उभं राहून मीच बोलायचं ठरवलं होतं. सायलीने अडवलं. मॅडमची श्रद्धा नाही असं म्हणतील आणि तुम्हाला खाली बसवतील, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं.

“अण्णांना मीच दाखवते,” ती म्हणाली.

सांगता पुढच्या रविवारी सकाळी होती. महाराजांनी सायलीला पुढे बोलावलं. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, आज आधी माझ्या वडिलांचा डोळा उघडू द्या. महाराज जरा घुटमळले, वयाचं काहीतरी बोलू लागले, पण लोकांनी टाळ्या वाजवून सावळीरामांना वर चढवलंसुद्धा. सायलीने त्यांच्या डोळ्यांवर बोळे ठेवले, पट्टी करकचून बांधली आणि गणिताचं पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडलं. मग माइकमधून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अण्णा, मान थोडी वर करा. आता नाकाच्या कडेनं खाली बघा.”

सावळीरामांनी मान वर केली. मग ओठ हलले. “वर्ग... समीकरणे.”

हॉल दणाणला. महाराजांनी लगेच हात उंचावून आपली कृपा जाहीर केली. टाळ्या थांबेपर्यंत सायली थांबली आणि मग तिने पुस्तक उचलून वडिलांच्या कपाळासमोर धरलं.

“तिसरा डोळा इथंच असतो ना, अण्णा? आता वाचा.”

“काय दिसत नाय,” सावळीराम म्हणाले.

तिने पुस्तक खाली नेलं. दिसलं. वर नेलं. नाही दिसलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग हसू पुढे सरकत आलं. ज्ञान उलटं वाहील, ताप भरेल, असं महाराज बजावू लागले. सावळीरामांनी पट्टी काढली, स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “ताप तर नाय आला, महाराज.”

मग अमोल उठला, त्याच्यामागे बाकीची मुलं उठली. त्यांनी आपापल्या आईबापांना पट्ट्या बांधल्या. थोड्याच वेळात निम्मं निफाड माना वर करून नाकावरून खाली बघत होतं आणि जो तो स्वतःचे पाय बघून हसत होता. सखुबाई तर पट्टी सोडायलाच तयार नव्हत्या. कुणाला तरी महाराजांना पट्टी बांधावीशी वाटली, तर ते आचाऱ्यांच्या दाराने केव्हाच निघून गेले होते.

सावळीराम मात्र हसत नव्हते. स्टेजच्या पायरीवर बसले होते. मला काळजी वाटली. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

“मग इतके दिवस सांगितलं का नाय?”

“तुम्ही बोलायला लागला होता ना, अण्णा.”

ते बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत राहिले. मग तिला शेजारी बसवून घेतलं आणि गणितात नक्की काय अडतं ते विचारलं. पंधरा वर्षांची लेक होती, आणि हा प्रश्न घरात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिने सांगितलं, सूत्रं पाठ होतात, पण कुठलं कुठे वापरायचं तेच कळत नाही. ते म्हणाले, माझंही तसंच होतं बघ.

त्यानंतर परीक्षेपर्यंत आमचे गणिताचे सर शाळा सुटल्यावर थांबू लागले. सायली दहावीला गणितात चांगल्यापैकी पास झाली. डॉक्टर मात्र झाली नाही. शेतीची पदवी घेऊन आली आणि आता बागेत कोणती फवारणी कधी करायची यावरून रोज वडिलांशी हुज्जत घालते.

वाचकहो, तिसरा डोळा कुणालाच नसतो. असतात ते दोन डोळे आणि पट्टी व नाक यांच्यामधली फट. उद्या दुसरा कुणी दुसरं काही घेऊन येईल, स्मरणशक्तीचं भस्म, सिद्ध केलेलं पेन. तो जे करू नका म्हणेल, तेच आधी करून बघा. पुस्तक खाली धरा म्हणाला, तर वर धरा. शंका घेतल्याने कुणाच्या मुलाचं वाईट होत नाही. न घेतल्याने होतं. आणि महाराज गावात येण्याआधीच तुमच्या मुलाला विचारा, तुला काय अडतंय? त्याने उत्तर दिलं, की रागावू नका. ऐका.