परिच्छेद पाचवा

कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाल्याला लागून माझं टायपिंगचं टेबल आहे. संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज मी कोऱ्या पानावरून कधीच सुरू करत नाही, कुणीच करत नाही. जुना अर्ज उघडायचा, नावं, पत्ते, तारखा बदलायच्या, बाकी मजकूर तोच. लोकही वाचत बसत नाहीत. वकील बोट ठेवतील तिथे सही ठोकतात आणि निघतात.

ही बाई मात्र वाचत बसली. नवरा तिच्यापासून दोन हात लांब, भिंतीला टेकून उभा. दाखल करायची खिडकी एक वाजता बंद होते, म्हणून वकीलबाईंचा जीव वरखाली होत होता.

"वर्षभर वेगळे राहताय, ते लिहिलंय," त्या तिला समजावत होत्या. "आज अर्ज दाखल होईल. मग सहा महिने थांबायचं. तेवढ्यात मन बदललं तर मागे घेता येतो. नाही बदललं, तर दोघांनी न्यायाधीशांसमोर पुन्हा हेच सांगायचं. फक्त यातली प्रत्येक ओळ दोघांना मान्य हवी."

"मग ही मला मान्य नाही." तिने पाचव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. 'उभयतांना या विवाहापासून अपत्य झालेले नाही.'

"मला मुलगी झाली होती," ती म्हणाली.

ती ओळ जुन्या अर्जातली, मी तशीच राहू दिलेली. वकीलबाई नवऱ्याकडे वळल्या. "मी फोनवर विचारलं होतं, मुलं आहेत का. तुम्ही नाही म्हणालात."

"आता नाही, म्हणून तसं म्हटलं," तो खाली बघत म्हणाला.

वकीलबाईंचा आवाज जरा उतरला. "हे बघा, कोर्टाला मूल कुणाकडे राहणार, एवढंच ठरवायचं असतं. ती हयात नाही, तर उल्लेख नसला तरी काही अडत नाही."

"माझं अडतं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "ती गेल्यावर दोन वर्षं घरात तिचं नाव काढलं नाहीस. फोटो माळ्यावर टाकलेस. मी बोलायला लागले की चप्पल घालून बाहेर. आता कागदावरूनही घालवलीस."

तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो. मी ती ओळ खोडली आणि मुद्दाम त्यालाच विचारलं, "काय लिहू, सांगा. मी मनाचं लिहीत नाही." वकीलबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

तो टेबलाजवळ आला. "एक मुलगी झाली," म्हणाला. तिचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. मी टाइप करत होते. "चार वर्षांची असताना तापाने गेली." इथे वाक्य संपत होतं, पण तो थांबेना. "ही म्हणत होती, आत्ताच दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, सकाळी बघू. हिचं बरोबर होतं. हेही लिहा."

माझी बोटं थांबली. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "तेवढं अर्जात नको."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटायचं, तू मला दोष देतोस," ती म्हणाली. "हे घरी एकदा बोलला असतास तर."

मी पान काढून दिलं. तिने पाचवा परिच्छेद दोनदा वाचला आणि सही केली. त्याने पेन हातात घेतलं, पण टेकवेना. खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं, हा कागद फाटावा.

"सहा महिने आहेत ना मध्ये?" त्याने वकीलबाईंना विचारलं.

उत्तर तिनेच दिलं. "मी दोन वर्षं थांबलेच होते," ती म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता. तिने कागद त्याच्यापुढे नीट सरकवला, आणि त्याने सही केली.