लेबलाखालची जांभळी पट्टी

मी जांभळी पट्टी बोलतेय. निदान जन्मले तेव्हा तरी जांभळी होते. माशाच्या बंद पाकिटात, आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत माझा सगळा संसार.

प्रयोगशाळेतल्या एका ताईने जांभळ्या कोबीचा रंग काढला, स्टार्चपासून केलेल्या पॉलिमरमध्ये कालवला आणि काचेवर ओतून वाळवला. मी पापुद्र्यासारखी अलगद सुटून आले. मला काम एकच. मासा ताजा असेपर्यंत जांभळं राहायचं, बिघडायला लागला की त्याच्या वाफेने हिरवं पडायचं. ताईचे हात महिनाभर जांभळे होते. पेपरातल्या फोटोत मात्र तिच्या सरांचे स्वच्छ हात आले. ‘निसर्ग आणि विज्ञानाचा मिलाफ’ असं पुन्हा पुन्हा म्हणताना त्यांनी मला उलटी धरली होती.

मग माझी मासळीच्या दुकानात रवानगी झाली. मालकाने दारावर पाटीच लावली, ‘आमची पट्टी खोटं बोलत नाही.’ गिऱ्हाईक आलं की तो पाकीट नाचवून दाखवायचा. मी जांभळी होते तोवर माझ्यासारखी गुणाची मीच.

एकदा सकाळी फ्रीज बंद पडला आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी हिरवी पडले. एवढं चोख काम केल्यावर शाबासकी मिळेल, ही माझी भाबडी समजूत.

“च्यायला, पट्टी बिघडली!” मालक म्हणाला आणि पाकिटावर, बरोबर माझ्या तोंडासमोर, ‘खास सूट’चं लाल लेबल थापलं. बाकीच्या पाकिटांवरही तेच.

तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला. “अहो, येताना मासा आणा. आजारातून उठल्यापासून आईंनी पहिल्यांदाच काही मागितलंय.”

मालकाने माझंच पाकीट उचललं. पिशवीत टाकता टाकता थबकला. इकडेतिकडे बघून नखाने लेबल सोललं, मला पाहिलं, लेबल पुन्हा दाबून बसवलं आणि पाकीट मुकाट्याने जागेवर ठेवलं. “आज चांगला नाहीये गं. आईसाठी उद्या आणतो.”

बिघडलेल्या पट्टीवर एवढा विश्वास! मला अगदी गहिवरून आलं.

मग शेजारच्या गल्लीतल्या आजी आल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, तिला मासा खावासा वाटत होता.

“पट्टी कुठंय रे?”

“लेबलाखाली आहे, आजी. एकदम जांभळी! तुम्हाला काय मी वाईट देईन?”

मी खालून जीव तोडून हिरवी होत होते. मला दुसरं येतं काय? मला त्या पोरीची फार काळजी वाटली.

आजींच्या स्वयंपाकघरात तेल तापलं. सून ताट घेऊनच बसली होती. पण एकदा सोललेलं लेबल कधी नीट चिकटतं का? आजींनी पाकीट उचललं आणि ते गळून पडलं. त्यांनी चष्मा पुसला, मला पाहिलं आणि गॅस बंद केला.

दुकानात तेव्हा गर्दी होती. आजींनी पाकीट गल्ल्यावर हळूच ठेवलं.

“तुझी आई आजारातून उठलीय ना? हा तिला करून घाल. मीही येते जेवायला.”

गिऱ्हाइकं आपापल्या पाकिटांवरची लेबलं सोलायला लागली.

आता मासा पार सडल्यावर हिरव्याची पिवळी होऊन मी गल्ल्याखालच्या टोपलीत पडून आहे. मघाशीच मालक सरांना फोनवर विचारत होता, “सर, कायम जांभळीच राहील अशी पट्टी नाही का बनवता येणार?”

“त्यात काय अवघड आहे!” सर म्हणाले. ताईला कुणी विचारलं नाही.

तेव्हा बाबांनो, माझ्या धाकट्या बहिणी कधीच हिरव्या पडेनाशा झाल्या, तर त्यांच्याकडे पाहू नका. मालक स्वतःच्या आईसाठी कुठलं पाकीट नेतो, ते पाहा.