ओक्पोतीची पेटी

"माझ्या दिव्याखाली डोक्यावर नारळ फुटला असेल, पण होडी? एकही नाही!"

दीपगृहाचा राखणदार ओक्पोती हे दिसेल त्याला ऐकवायचा. त्याच कामगिरीचं पदक घेऊन बंदर खात्याचे साहेब उद्या सकाळी लाँचने येणार होते.

आमच्याकडे मेल्यावर कोळी माशाच्या आकाराच्या शवपेटीत जातो, ड्रायव्हर मोटारीच्या. ओक्पोतीने जिवंतपणीच दीपगृहाच्या आकाराची पेटी सांगून ठेवली होती, टोकाला दिव्यासकट. सोवा सुताराने ती रंग वाळायला दुकानापुढच्या, समुद्राकडच्या कठड्यावर उभी केली. ओक्पोती तपासायला आला.

"सोवा, माझा दिवा दोनदा चमकून थांबतो. हा नुसता डोळा मारतोय. लोक म्हणतील, मेल्यावर म्हातारा चावट झाला."

"काका, तुम्ही तर आत झोपणार. तुम्हाला कुठे दिसणाराय?"

"मी नाही, पण शेजारी बघतील ना!"

सोवाने बॅटरीच्या तारा जुळवल्या. दिवा दोनदा चमकला, थांबला. ओक्पोती दोन पावलं मागे गेला, मान तिरकी करून बघत राहिला.

"अगदी खरं वाटतं रे!"

तेवढ्यात दिवस बुडाला. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने हवेत धूळ भरली होती. खरा दिवा लावायला वर कोणी गेलंच नव्हतं.

ओक्पोतीच्या मेहुण्याची, टेटेची होडी पेटीवरच्या दिव्याच्या रोखाने सरळ आली आणि दुकानाखालच्या खडकावर आपटून फुटली.

"दाजी!" टेटे पाण्यातून ओरडला. "दीपगृह कधी हलवलंत?"

"हलवलं नाही रे, तिथेच आहे!"

"मग पेटवलं का नाहीत?"

"हे बघ, ही होडी पेटीखाली फुटलीय. दीपगृहाचा काही संबंध नाही."

"अहो, संबंध नंतर काढा," आरडाओरडा ऐकून धावत आलेली ओक्पोतीची बायको कोर्कोई म्हणाली. "माझा भाऊ गळ्यापर्यंत पाण्यात आहे."

तरंगेल अशी वस्तू जवळ एकच होती. सोवाने आणि ओक्पोतीने पेटी दोराला बांधून पाण्यात ढकलली. तिला धरून टेटे आणि त्याचे गडी किनाऱ्याला लागले. त्या ओढाताणीत दोर सुटला आणि पेटी चमकत चमकत धुळीत दिसेनाशी झाली.

ओक्पोती धावत जाऊन खरा दिवा लावून आला आणि टेटेच्या हातापाया पडला. "साहेबांपुढे होडीचं नाव काढू नकोस."

"नाही काढत. पण मक्याच्या केंकेचे गोळे आणि तळलेले मासे पाहिजेत. गड्यांना पण."

तेही ठरलं.

सकाळी धूळ तशीच होती. साहेबांच्या लाँचला दोनदा चमकून थांबणारा दिवा दिसला, ती त्याच्या मागोमाग गेली आणि वाळूच्या दांड्यावर आपटून फुटली. साहेब शवपेटीवर बसून किनाऱ्याला आले.