सोनेरी सालीची बॅटरी

मी कोकोम. बांडुंगमध्ये माझं व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, दुकान आहे, आणि माझी जीभ तिखट आहे हे गिऱ्हाइकंच सांगतात. त्या रविवारी सर्वांत लांब धूर सोडण्याची स्पर्धा होती, म्हणून सभागृहाच्या दाराशी मी विक्रीचं टेबल मांडलं होतं. माझा धाकटा भाऊ यायान शेवटच्या फेरीत पोचला होता. सकाळपासून मी त्याच्या मागे लागले होते, "फाटक्या सालीची बॅटरी घालून वर चढलास तर तंगडी मोडीन!" बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला आम्ही साल म्हणतो. ती फाटली की बॅटरी व्हेपच्या आतल्या धातूला टेकते, स्फोट होतो, आणि मग खेळ खलास.

मी आल्याचं गरम बांद्रेक आणायला गेले. परत येते तर त्याची फाटकी बॅटरी टेबलावर, आणि टेबलाखाली ठेवलेल्या डब्यातली एक सोनेरी सालीची गायब. मेल्यानं जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं!

हातातलं बांद्रेक तिथंच टाकून मी आत शिरले. त्या डब्यातल्या बॅटऱ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या होत्या. बाजारातून साली आणून मीच चढवल्या होत्या, दुकानातल्या अस्सल मालावर असतात तशाच सोनेरी, वर ठळक 'चाळीस अँपिअर'. आतल्या जीवाला दहा सोसायचे वांधे. ज्या व्हेपमध्ये सर्किट असतं त्यात चालून जातं, सर्किट आवरून घेतं, अशी स्वतःची समजूत घालून मी त्या विकत होते. पण यायानची व्हेप म्हणजे पितळेची नुसती नळी. सर्किट नाही, काही नाही. बटण दाबलं की सगळी वीज थेट कॉइलमध्ये, म्हणजे तापणाऱ्या तारेत, आणि कॉइल त्यानं घातलेली पस्तीस अँपिअर ओढणारी. ती नळी तो तोंडाला लावणार होता.

"यायान! खाली उतर!" मी ओरडले.

तो व्यासपीठावर उभा होता. "झालं हिचं सुरू!" तो लोकांना म्हणाला. "ही माझी तेतेह, थोरली बहीण. घरी मी जेवायला बसलो तरी अशीच खेकसते."

लोक खो खो हसले.

"ती बॅटरी चालायची नाही! काढ आधी बाहेर!"

"अगं तेतेह, तुझ्याच डब्यातली आहे ना? कोरी करकरीत. चाळीस लिहिलंय त्यावर. वाचता येत नाही का तुला?"

पंचानं शिट्टी ओठांत धरली. मी धावत सुटले, पण मधे माणसंच माणसं, कुणी हलेना. यायाननं नळी वर उचलली, अंगठा बटणावर ठेवला. माझ्यानं तिथवर पोचणं होणार नव्हतं. काय बोलायला हवं ते मला ठाऊक होतं. ते बोलले की आठ वर्षांत कमावलेलं नाव गेलं, हेही ठाऊक होतं. देवाशपथ सांगते, क्षणभर मी गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

"खोटी आहे ती!" मी किंचाळले. "लॅपटॉपची आहे! साल मी चढवलीय! मी!"

 यायाननं अंगठा उचलला, नळी उघडली आणि नखानं सोनेरी साल सोलली. आत मळका गुलाबी सेल निघाला, टोकाला पत्र्याची पट्टी उपटल्याचे व्रण.

"मी तोंडाला लावणार होतो, तेतेह," तो एवढंच म्हणाला.

मला रडू फुटलं. वाचला माझा भाऊ, वाचला! मी त्याला जवळ घ्यायला गेले, तर तो दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, पाक ओमो, पुढे आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून व्हेप काढली. तीही नळीच. उघडून त्यांनी सोनेरी बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली.

"मागच्या महिन्यात तुझ्याकडूनच घेतली, कोकोम. रात्री उशाशी ठेवतो, शेजारी नातू झोपतो. ही त्यांतलीच का?"

त्यांच्या मागे माणसं आपापल्या व्हेप उघडत होती. मी ती बॅटरी उलटीपालटी करून पाहिली. साल इतकी सफाईदार, की ती अस्सल की माझ्या हातची, हे मलाच सांगता येईना.