संग्रहित छायाचित्र

चोपड्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, 'पलक टेलर्स'. पलक म्हणजे मीच. निवडणुकीच्या वेळी मतदार जागृतीच्या फेरीत पेपरवाल्याने माझा फोटो काढला आणि 'तृतीयपंथी मतदारांत उत्साह' म्हणून छापला. मी वीस प्रती विकत घेऊन वाटल्या. मूर्ख बाई!

तेव्हापासून आमच्यातल्या कुणाचीही बातमी आली की फोटो माझा. सत्कार झाला, मी. मोर्चा निघाला, मी. परवा शिरपूर रस्त्यावर ट्रकवाल्याला लुटलं, तिथेही मीच, खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र'. मैत्रीण भिकुबाई फोनवर ओरडली, "वं माय, बठ्ठ्या बातम्यास्मा तुनाच फोटू शे!"

दुकानमालक प्रेमराजशेठ ओरडले नाहीत. मवाळ माणूस. म्हणाले, "तू नव्हतीस, मला माहीत आहे. पण शेजारी माझं कापडाचं दुकान आहे. रविवारपर्यंत पेपरात खुलासा आण, नाहीतर गाळा रिकामा कर."

मी जळगावला पेपरच्या कार्यालयात गेले, खुलासा मागितला. संपादक दीपकभाऊंनी चहा मागवला. म्हणाले, "ताई, आमच्याकडे दुसरा फोटोच नाही. एखादा द्या, लगेच बदलतो."

"पुरुषाने लुटलं तर कुणाचा फोटो टाकता?"

"त्याचाच. नसला तर कुणाचाच नाही," ते म्हणाले आणि बिस्किटं पुढे केली.

मी मोबाईलमधले फोटो चाळले. भिकुबाई, मिसबाह, पुना. तिघीही भाड्याच्या खोलीत राहतात. कुणाचा द्यायचा? म्हटलं, "माझाच राहू द्या. पण नवीन काढा, मशीनवर बसलेली. मी काय काम करते ते तरी लोकांना कळेल."

दुसऱ्या दिवशी बातमीदार आला. फोटो झकास निघाला. शनिवारी छापूनही आला, 'लुटारू टोळी अद्याप फरार' या बातमीत. मी मशीनवर, डोक्यावर माझी पाटी, शेजारी ठळक 'प्रेमराज क्लॉथ सेंटर'.

आता मात्र शेठ ओरडले. गाडी काढून स्वतः जळगावला गेले.

रविवारी पहिल्या पानावर चौकट आली : 'छायाचित्रात प्रेमराज क्लॉथ सेंटरची पाटी नजरचुकीने प्रसिद्ध झाली. या दुकानाचा लुटीशी काहीही संबंध नाही. आम्ही दिलगीर आहोत.' आतल्या पानावर टोळी अजून फरारच होती. फोटोतून शेठची पाटी कापली होती. मी होते.

शेठनी पेपर माझ्यासमोर ठेवला. "बघ, मागितलं की देतात. तूच नीट मागितलं नसशील," म्हणाले आणि गाळ्याच्या किल्लीसाठी हात पुढे केला.