चंद्रकलाचा न हसलेला फोटो

दिघोरीत गोपीचंदच्या स्टुडिओत उदास बसायची कोणाची बिशाद नव्हती. नवरदेव असो, नाहीतर पासपोर्ट फोटोला आलेला म्हातारा, गोपीचंद बोट वर करून "हासा थोडं" म्हणायचा आणि दात दिसल्याशिवाय बटण दाबायचा नाही. शिवाय कॉम्प्युटरवर सगळ्यांना सरसकट गोरं करून द्यायचा. गिऱ्हाईक खूश होतं, मग इतरांनी नाक मुरडायचं कारण काय?

नाक मुरडलं ते घरच्याच सुनेनं. मनिषची बायको टीना भंडाऱ्याहून फोटोग्राफीचा कोर्स करून आलेली. धान घरात आलं की लग्नं सुरू होतात, यंदा दुसरा कॅमेरा माझ्या हाती द्या म्हणून तिनं धोशा लावला होता. शेवटी सासऱ्यानं अट घातली. घरातल्याच माणसाचा एक फोटो काढून दाखव. मला पटला तर कॅमेरा तुझा, नाही तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

त्या दुपारी टीनानं स्टुडिओच्या स्क्रीनवर फोटो लावला. फोटोत तिची सासू चंद्रकला धानाच्या खोलीत पोत्यावर बसली होती. दार अर्धं लोटलेलं, एका गालावर उजेड, दुसरा गाल अंधारात, नजर खाली कुठेतरी. खरी चंद्रकला तिथंच कोपऱ्यात सुपात लाखोरीची डाळ निवडत होती.

गोपीचंद स्क्रीनजवळ सरकला. मग त्यानं चुका काढायला सुरुवात केली. कडेला खुंटीवरची छत्री आली आहे, ती काप. हाताची बोटं खालून तुटली आहेत, माणसाचा हात घ्यायचा तर पुरता घ्यावा. टीना मुकाट मान डोलावत राहिली, कारण दोन्ही चुका खऱ्या होत्या. धास्ती होती ती पुढच्या बोलण्याची.

"आन हे काय? जित्या बाईचा तेरवीले लावतेत तसा फोटो केलास. हासवली काहून नाही?"

"घरात कोणी नसते तवा बसता तशा बसा म्हटलं, मामाजी. दुसरं काही नाही सांगतलं."

गोपीचंद भडकलाच. आपली बायको एकटी असताना अशी सुतकी बसते, हे कालच्या पोरीनं त्याला सांगावं? फोटो कसा काढतात ते दाखवतोच म्हणत त्यानं चंद्रकलाला निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं आणि दोन्ही लाइट लावले. तिनं पदर सारखा केला. त्याचं बोट वर गेलं, ती हसली, फोटो निघाला. याला म्हणतात फोटो, असं टीनाला ऐकवून तो पुन्हा वळला.

चंद्रकलाचं हसू गेलं होतं. लख्ख उजेडात, निळ्या पडद्यापुढे, धानाच्या खोलीतली तीच बाई बसली होती.

त्यानं बोट वर केलं. हसू आलं. बोट खाली आलं, तसं गेलं. गोपीचंद मनातून घाबरला. आपण आयुष्यभर हिचे फोटो काढले, ते नेमके कोणाचे काढले?

"मनिषची माय, तुले काही दुखून राहिलं का?"

"नाही जी. तुमी कधी न हासता बसू देलं नाही. तिनं बसू देलं."

ती तक्रारीच्या सुरात बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं. ती साधंच बोलली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कपाटातून दुसरा कॅमेरा काढला आणि टीनाच्या हातात दिला.

"छत्री काप. बोटाइकडं ध्यान दे. अंधाराले हात लावू नोको."

टीना इतके दिवस या कॅमेऱ्यासाठी झुरत होती, पण आता तिला सासूकडे बघवेना. ती गुपचूप बाहेर गेली. गोपीचंदनं लाइट बंद केले, दुसरं स्टूल ओढलं आणि बायकोसमोर बसला.

"बस आता तशीच," तो म्हणाला. "मी फोटो नाही काढत."

चंद्रकलानं खाली पाहिलं, हात मांडीवर ठेवले, पुन्हा वर पाहिलं. ओठ आपोआपच हसले. तिनं ते मिटून पाहिले, तरी मिटलेले राहीनात.

"तुमी असे पाहत बसले तर नाही जमत जी," ती ओशाळून म्हणाली.