नव्या डिस्कमधली टकटक

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, वरच्या मजल्यावरचे, कोणाचे कोण, सगळे टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसले होते. मॉनिटर बंद होता, कारण आत्म्याला उजेड सोसत नाही. समोर खुर्चीत टकटकबाबा, आणि त्यांच्या माउसवरच्या हातावर शाल.

"आजोबा, आलात का?" बाबांनी डोळे मिटून विचारलं.

कॉम्प्युटरच्या डब्यातून आवाज आला. टक. टक. टक.

"सुखात आहात?" पुन्हा टकटक. "कोणावर राग?" शांतता. "बघा, राग नाही. होकाराला टकटक, नकाराला मौन. पुण्यवान आत्मे मोजकंच बोलतात."

"माझी आठवण येते का, विचारा," सासूबाई म्हणाल्या. डबा बराच वेळ टकटकला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दाराशी सून उभी होती. ती इस्पितळात एक्स-रे काढायची, यंत्रांशी रोजची गाठ. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजायला लागली की अशीच टकटकते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि त्याच डिस्कवर आजोबांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, आवाज होता. जाण्याआधी काही महिने रोज संध्याकाळी बसून त्यांनी नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"आधी बंद करा, गोष्टी काढून घेऊ," असं ती तेव्हाच म्हणाली होती.

"टकटकबाबा बंद करू नका म्हणालेत," नवरा म्हणाला होता. "आईला इतक्या दिवसांनी झोप लागतेय गं. राहू दे ना."

पाल चुकचुकली तर घर थांबतं, सून बोलली तर थांबत नाही. रोज ती टकटक ऐकायची आणि आज कोणती गोष्ट गेली असेल, एवढंच मनात म्हणायची.

आज मात्र तिला राहवलं नाही. "बाबा, डिस्क बिघडलीय."

"अहो ताई, गेल्याच वर्षी मी नवी कोरी बसवलीय," कॉम्प्युटरचा दुकानदार घाईने म्हणाला. बाबांना घरी आणणारा हाच. "वर्षाचं लेकरू म्हातारपणानं कण्हेल का?"

लोक हसले. बाबांनी मान डोलावली. "देह कोवळा असतो, तिथंच आत्मा उतरतो."

"मग वयच बघू या. किती तास चाललो, याची नोंद डिस्क स्वतःच ठेवते."

दुकानदार उठून उभा राहिला. पण सासूबाई म्हणाल्या, "बघू दे तिला. ह्यांना लपवाछपवी कधी आवडली नाही."

सुनेने मॉनिटर लावला. पडद्यावर गोष्टींचं फोल्डर उघडं होतं आणि त्यावर एकावर एक चौकटी साचल्या होत्या: फाइल वाचता येत नाही. शालीखालून बाबा एखाद्या गोष्टीवर क्लिक करायचे, डिस्क ती वाचायला धडपडायची, आणि टकटकायची. नकार हवा असला की बोट हलवायचं नाही, संपलं.

मग तिने डिस्कची तब्येत सांगणारा छोटासा प्रोग्राम चालवला. जवळपास ऐंशी हजार तास. नवऱ्याने तोंडी हिशेब केला. "रात्रंदिवस धरली तरी नऊ वर्षं?"

"त्यात मरणोत्तर तासही धरलेत," बाबा म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

दुकानदाराला अखेर कबूल करावं लागलं. कुठल्याशा कार्यालयातून भंगारात आलेली डिस्क, वर नवं लेबल. टकटक सुरू झाल्यावर पितळ उघडं पडू नये म्हणून बाबा. दोघांनी पायाला पाय लावून पळ काढला. आम्हाला आधीच शंका होती, असं म्हणत शेजारीही पांगले.

सुनेने कॉम्प्युटर बंद केला. डिस्क दुरुस्त करणाऱ्याने ती उघडून बघितली आणि परत दिली. सुई फिरून फिरून तबकडी खरवडली गेली होती. पहिल्या दिवशी आणली असती तर गोष्टी निघाल्या असत्या, असं तो म्हणाला.

सासूबाई डिस्क मांडीवर घेऊन बसल्या. "म्हणजे मी एकेक प्रश्न विचारत गेले," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांची एकेक गोष्ट पुसत गेले."

सून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

माणूस गेल्यावर त्याचा आवाज हवासा वाटतो, यात काही चूक नाही. पण यंत्र टकटकलं तर आधी त्याचं बटण बंद करा. हात नंतरही जोडता येतात.